मनगटावरचे वळ

एप्रिलचा उकाडा, वसतिगृहातला पंखा जेमतेम फिरणारा आणि ती मात्र लांब बाह्यांचा कुर्ता घालून अभ्यासाला बसलेली. खोलीतल्या मैत्रिणीने सहज हात धरला तर ती कळवळली. मनगटावर वळ उमटले होते. ''बसमध्ये दांडा लागला गं,'' ती म्हणाली. दांड्याला चार बोटे असतात का, असे मैत्रिणीच्या ओठांवर आले होते. पण ती एवढेच म्हणाली, ''कधीही बोलावेसे वाटले तर मला उठव.'' आठ दिवसांनी रात्री दोन वाजता तिने उठवले.

अशा गोष्टींची सुरुवात थपडेने होत नाही. 'त्याच्याकडून नोट्स का घेतल्यास?', 'मोबाइलचा पासवर्ड सांग', 'मैत्रिणींबरोबर जायची गरज काय?' अशी ती होते आणि मुलीला त्यात काळजी दिसते. रागावतो म्हणजे जीव लावतो, हे हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे शिकवलेच आहे. वर्तमानपत्रेही मागे नाहीत. १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलीला परीक्षेच्या वर्गात जाळले गेले, २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात. अशा बातम्यांना 'एकतर्फी प्रेम' म्हणायची पद्धत आहे. पेट्रोलच्या बाटलीला प्रेम कसे म्हणायचे?

मग मुली गप्प का बसतात? त्याची भीती असतेच, पण अनेकदा त्याहून मोठी भीती घरची असते. बाबांना कळले तर कॉलेज बंद, सामान बांधून गावी आणि मे महिन्यात लग्न! हे गणित त्यालाही पाठ असते. 'तुझ्या भावाला फोटो पाठवतो' ही धमकी चालते ती त्यामुळेच. ज्या घरात 'काहीही झाले तरी तुझे शिक्षण थांबणार नाही' हे आधीच सांगून ठेवलेले असते, तिथल्या मुलीला असे धमकावणे कठीण जाते.

मदत वाटते तेवढी दूर नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे उच्च शिक्षणाच्या संस्थांमध्ये लैंगिक छळाच्या चौकशीसाठी अंतर्गत तक्रार समिती हवी. विद्यार्थ्यांचे प्रकरण असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधीही तिच्यात बसतात. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. मुलाला तिच्यापासून दूर राहण्याची ताकीद देणे, धोका स्पष्ट असेल तर त्याला आवारात येण्यास मनाई करणे, हेही नियमांत आहे. समितीच्या सदस्यांची नावे सूचना फलकावर हवीत. नसतील तर प्राचार्यांना विचारायला संकोच कशाला?

मारहाण झाली असेल तर मात्र समितीची वाट पाहू नये. कोणत्याही पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्दीची सबब चालत नाही. तातडीच्या वेळी ११२, सल्ल्यासाठी आणि मदतीसाठी महिलांचा १८१. कधीच एका घरात न राहिलेल्या प्रियकराला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागत नाही, हे खरे. पण पाठलाग करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. धमकीचे संदेश संतापाने पुसून टाकू नयेत, तेच पुढे पुरावा ठरतात. आणि 'शेवटचे एकदा भेट' या निरोपावर एकटीने जाऊ नये. संबंध तोडण्याचा काळच सर्वांत धोक्याचा असतो.

त्या रात्री दोघी पहाटेपर्यंत बोलत होत्या. सकाळी मैत्रीण तिच्याबरोबर समितीतल्या बाईंकडे गेली, अर्जाचा मसुदाही तिनेच लिहून दिला. घरी फोन मात्र तिने स्वतः केला. सगळे ऐकून पलीकडे बराच वेळ शांतता होती.

''जेवलीस का?'' आईने विचारले. ''मी रात्रीच्या गाडीने निघते. बाबांना काय सांगायचे ते मी बघते. तू पेपर बुडवू नकोस.''