आकडा एकटा पाठवू नका

सात. हा आकडा चांगला की वाईट?

लघवीचा पीएच सात असेल तर काळजीचे कारण नाही. रक्तातले पोटॅशियम सात असेल तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो आणि रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. हिमोग्लोबिन सात असेल तर सर्वसाधारण प्रौढ माणसात तो तीव्र रक्तक्षय ठरतो. मधुमेहाच्या रुग्णाचे एचबीएवनसी सात टक्के असेल तर डॉक्टर बहुधा समाधानाने मान डोलावतात. आणि उपाशीपोटीची साखर सात असेल तर? आपल्याकडच्या मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मोजमापात ती जीवघेणी आहे. ब्रिटनमध्ये मात्र साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. तिथली सात म्हणजे आपली १२६, म्हणजेच मधुमेहाच्या निदानाची रेषा. मुलांकडे लंडनला राहून परतलेल्या आजोबांची फाइल इथल्या डॉक्टरांपुढे येते, तेव्हा हा १८ चा गुणाकार कोणाला तरी आठवावा लागतो.

कागदावर फारसा घोळ होत नाही. आकड्याच्या डावीकडे चाचणीचे नाव असते, उजवीकडे एकक आणि सामान्य मर्यादा छापलेली असते आणि वाचणारा माणूस प्रशिक्षित असतो. पण आता रिपोर्ट वाचणारा पहिला वाचक माणूस नसतो, संगणक असतो. लॅबच्या यंत्रातून लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिथून रुग्णालयाच्या संगणकात, तिथून रुग्णाच्या मोबाइलमधल्या ॲपमध्ये असा आकड्याचा प्रवास होतो. या प्रवासात त्याच्यासोबत काय जाते आणि घेणारा त्याची पारख कशी करतो, हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे. आकड्याने एकट्याने प्रवास करू नये आणि घेणाऱ्या संगणकाने तो उघडून, तपासून, समजला तरच वापरावा, हा नियम आरोग्यव्यवस्थेने आता ऐच्छिक ठेवू नये.

अंदाज बांधणारा संगणक

स्वयंपाकघरात पिठीसाखर, मीठ आणि खाण्याचा सोडा एकसारख्या बरण्यांत ठेवले आणि चिठ्ठ्या लावल्या नाहीत, तर काय होईल हे सांगायला नको. निदान चव घेऊन पाहता येते. संगणकाला चवही घेता येत नाही. चिठ्ठी नसेल तर तो दोनच गोष्टी करू शकतो. एक, आकडा नाकारणे. दुसरी, अंदाज बांधणे. आपल्या रोजच्या वापरातली बरीच सॉफ्टवेअर दुसरा मार्ग पत्करतात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण जनुकशास्त्रातले आहे. 'मार्च१' आणि 'सेप्ट२' अशी संक्षिप्त नावे असलेली मानवी जनुके होती. संशोधक ही नावे एक्सेलच्या तक्त्यात भरत आणि एक्सेल परस्पर ठरवून टाके की या तारखा आहेत. मार्च१ ची १ मार्च होई, सेप्ट२ चा २ सप्टेंबर. कोणी विचारले नव्हते, कोणाला कळतही नसे. या गडबडीची नोंद २००४ मध्येच झाली होती. २०१६ मध्ये संशोधकांनी जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेले शोधनिबंध तपासले, तेव्हा सुमारे पाचपैकी एका निबंधात अशा चुका सापडल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने हार मानली आणि जनुकांचीच नावे बदलली. मार्च१ चे 'मार्चएफ१' झाले, सेप्ट२ चे 'सेप्टिन२'. सॉफ्टवेअरच्या अंदाजापायी शास्त्राला आपली परिभाषा बदलावी लागली.

आता आपल्या लॅबच्या रिपोर्टकडे पाहा. विडाल चाचणीचे उत्तर '१:१६०' असे येते. ही वेळ नाही आणि दशांश संख्याही नाही. एचआयव्हीच्या चाचणीचे उत्तर 'नॉन-रिॲक्टिव्ह' असा शब्द असतो. ट्रोपोनिनचे उत्तर कधी '०.०१ पेक्षा कमी' असते. लघवीतल्या प्रथिनांपुढे 'ट्रेस' लिहिलेले असते. आणि नमुना खराब झाल्यामुळे चाचणीच झाली नसेल, तर रकाना रिकामा असतो. रिकामा म्हणजे शून्य नव्हे. पण ज्या प्रोग्रामला 'इथे संख्याच येणार' असे शिकवले आहे, तो 'पेक्षा कमी'चे चिन्ह गाळून टाकू शकतो आणि रिकाम्या जागी शून्य भरू शकतो. पुढच्या डॉक्टरला पडद्यावर दिसतो तो स्वच्छ, ठाम आणि खोटा आकडा.

करोनाच्या काळात डी-डायमर हा शब्द घराघरांत पोहोचला. या चाचणीचे निकाल दोन पद्धतींच्या एककांत दिले जातात. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या साधारण दुप्पट येतो. त्यात कोणी मायक्रोग्रॅममध्ये लिहितो, कोणी नॅनोग्रॅममध्ये. म्हणजे एकाच रक्ताचे उत्तर एका लॅबमध्ये ०.५, दुसरीत ५०० आणि तिसरीत २५० येऊ शकते आणि तिन्ही बरोबर असू शकतात. एकक आणि पद्धत गळून पडली, की हेच तीन आकडे तीन वेगवेगळ्या रुग्णांचे वाटतील.

पेटी उघडण्याची रीत

या प्रश्नावर संगणकशास्त्राने फार पूर्वी विचार केला आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने १९९१ मध्ये 'कॉर्बा' नावाचे मानक आणले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या भाषांत लिहिलेल्या प्रोग्रामांनी जाळ्यावरून एकमेकांशी बोलावे, हा त्याचा उद्देश होता. त्यात 'एनी' म्हणजे 'काहीही' नावाची एक सोय होती. ही एक पेटी समजा. तिच्यात संख्या, शब्द, तारीख, संपूर्ण तक्ता असे काहीही ठेवता येते. अट एकच. पेटीवर आत काय आहे याची नेमकी चिठ्ठी असलीच पाहिजे. मालाशिवाय चिठ्ठी नाही आणि चिठ्ठीशिवाय माल नाही.

पण चिठ्ठी वाचता आली तरी पेटी उघडायची कशी? प्रोग्राम आधी लिहिलेला असतो, पेटी नंतर येते. जो प्रकार प्रोग्राम लिहिताना अस्तित्वातच नव्हता, तो हाताळायचा कसा? यासाठी कॉर्बाच्या १९९८ च्या आवृत्तीत 'डायनएनी' नावाची सोय आली. ती घेणाऱ्या प्रोग्रामला पेटीला प्रश्न विचारू देते. तू कोणत्या प्रकारची आहेस? 'मी चार भागांची नोंद आहे.' पहिल्या भागाचे नाव काय? 'चाचणी.' त्यात काय आहे? 'मजकूर.' दुसऱ्या भागात? 'दशांश संख्या.' तिसऱ्यात? 'ठरलेल्या यादीतले एक एकक.' असे एकेक पाऊल टाकत प्रोग्राम अनोळखी नोंद आतून पाहू शकतो. उलट दिशेनेही हेच करता येते. नुसत्या चिठ्ठीवरून रिकामा साचा तयार करायचा आणि एकेक भाग भरत नवी नोंद बांधायची.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे नकार. संख्येच्या जागी मजकूर भरायला गेलात किंवा दशांश संख्येला तारीख म्हणून वाचायला गेलात, तर ही व्यवस्था अंदाज बांधत नाही. 'प्रकार जुळत नाही' असे सांगून ती थांबते. एक्सेलने जिथे गुपचूप तारीख केली, तिथे ही व्यवस्था काम थांबवून बोट दाखवते. वैद्यकात मला दुसरी वागणूक हवी आहे.

कॉर्बा आज मागे पडले. ते जड होते, शिकायला अवघड होते आणि वेबच्या सोप्या रीतींपुढे टिकले नाही. पण ही कल्पना टिकली. 'एचएल सेव्हन' या आरोग्य-माहितीच्या जुन्या मानकात तपासणीच्या निकालाची एक ओळ असते. तिचा दुसरा रकाना सांगतो की पाचव्या रकान्यातले उत्तर संख्या आहे की मजकूर, आणि सहावा रकाना एकक सांगतो. आजचे 'फायर' हे मानक आणखी पुढे जाते. त्यात निकाल एककासह संख्या, ठरलेल्या यादीतला शब्द, हो-नाही, गुणोत्तर, मर्यादा यांपैकी कोणत्या रूपात आहे हे सांगूनच पाठवावा लागतो. 'पेक्षा कमी'साठी वेगळी जागा आहे. उत्तर नसेल तर ते का नाही याचे कारण लिहिण्यासाठीही स्वतंत्र जागा आहे.

अर्थात, प्रकार म्हणजे अर्थ नव्हे. ७.० ही दशांश संख्या आहे एवढे कळून ती पोटॅशियमची की हिमोग्लोबिनची हे कळत नाही. त्यासाठी चाचणीची सर्वमान्य ओळख लागते. अमेरिकेतल्या रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने १९९४ पासून विकसित केलेली 'लॉइंक' ही संकेतावली ते काम करते. डी-डायमरच्या दोन पद्धतींना तिथे वेगवेगळे संकेत आहेत. प्रकार, एकक आणि संकेत हे तिघे सोबत असतील, तेव्हाच आकडा प्रवासाला योग्य.

आपल्याकडे अडते कुठे?

भारतात नियमांची वानवा नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. लॉइंकचा त्यांत समावेश आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातला १४ अंकी 'आभा' क्रमांक आता अनेकांकडे आहे. रुग्णाच्या संमतीने त्याच्या नोंदी एका ठिकाणाहून दुसरीकडे जाव्यात, हा त्यामागचा विचार. या देवाणघेवाणीसाठी फायर हेच मानक निवडले आहे आणि त्याची भारतीय मार्गदर्शिका तयार करणारे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे.

अडते ते पळवाटेपाशी. या व्यवस्थेत रिपोर्टची पीडीएफ जोडूनही पाठवता येते. जुन्या कागदांसाठी ही सवलत गरजेची होती. पण नव्या, यंत्रातूनच आलेल्या निकालांसाठीही पीडीएफवर भागवले, तर डिजिटल नोंद म्हणजे फक्त कागदाचा फोटो उरतो. गेल्या पाच वर्षांत क्रिॲटिनिन कसे वाढले, हे असे पाच फोटो संगणकाला सांगू शकत नाहीत. मग कोणीतरी ते आकडे हाताने पुन्हा टंकते किंवा एखादे सॉफ्टवेअर चित्रातून ते ओळखायला जाते. म्हणजे पुन्हा अंदाज.

यावर लहान लॅबचालकांचा आक्षेप रास्त आहे. तालुक्याच्या गावात एक तंत्रज्ञ आणि एक संगणक यांवर चालणाऱ्या लॅबने हे सगळे कसे करायचे? उत्तर असे की, त्यांनी ते करायचेच नाही. त्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्याने करायचे. सॉफ्टवेअर बसवताना एकदाच प्रत्येक चाचणीला संकेत आणि एकक जोडून द्यावे लागते. रोज नमुने तपासणाऱ्या माणसावर त्याचा भार पडू नये. त्यासाठी सार्वजनिक रुग्णालयांच्या निविदांत ही अट असावी आणि ती कागदावर न राहता तपासली जावी. चुकीच्या एककाचा, रिकाम्या रकान्याचा, अनोळखी प्रकारचा निकाल मुद्दाम पाठवून पाहावा. सॉफ्टवेअर काय स्वीकारते यापेक्षा ते काय नाकारते, यावर त्याची परीक्षा व्हावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असे कडक सॉफ्टवेअर निकाल नाकारत बसले, तर रुग्ण ताटकळेल. हे खरे आहे, म्हणूनच नाकारणे म्हणजे फेकून देणे नव्हे. न समजलेला निकाल गुपचूप गाळणारी प्रणाली चुकीचा अंदाज बांधणाऱ्या प्रणालीइतकीच धोकादायक आहे. योग्य वागणूक तिसरी. मूळ नोंद जशी आली तशी जपून ठेवायची, तिचा आलेख किंवा हिशेब करायचा नाही आणि डॉक्टरला ठळकपणे सांगायचे की, हा निकाल मला कळलेला नाही, तुम्ही पाहा. चांगली परिचारिका अक्षर न लागलेल्या औषधाच्या नावाबाबत हेच करते. ती अंदाजाने गोळी देत नाही आणि चिठ्ठीही फाडत नाही, डॉक्टरांना विचारते.

रुग्णांच्याही हातात काही आहे. निकाल फोनवर सांगताना नुसता आकडा सांगू नका. चाचणीचे नाव आणि एककही सांगा. वहीत साखर लिहिता तेव्हा उपाशीपोटीची की जेवणानंतरची, हेही लिहा. जुन्या आणि नव्या रिपोर्टची तुलना करण्याआधी दोन्हींवरची एकके जुळतात का, ते पाहा. ॲपमध्ये एखादा निकाल अचानक दहापट वाढलेला दिसला, तर घाबरण्याआधी मूळ रिपोर्ट उघडा. आणि लॅबला विचारा की, माझा निकाल पीडीएफशिवाय संगणकाला वाचता येईल अशा रूपात मिळेल का? असे विचारणारे वाढले, तर देणारेही वाढतील.

लवकरच या आकड्यांवर धोक्याचे इशारे देणारी, निदान सुचवणारी सॉफ्टवेअर येतील. काही आलीही आहेत. त्यांच्या हुशारीची चर्चा खूप होते. पण त्यांच्यापर्यंत पोहोचणारा सात हा आकडा कशाचा सात आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसेल, तर ती हुशारी रुग्णाच्या कामाची नाही.