गडद रंगांचे लग्न आणि तीस दिवसांची नोटीस

मराठी लग्नाचे रंग ठरलेले आहेत. मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री, हिरवा चुडा, लाल किंवा जांभळा शालू, मुंडावळ्यांचे मोती आणि हळदीकुंकवात माखलेल्या अक्षता. या रंगसंगतीत काळ्याला, राखाडीला किंवा गडद निळ्याला स्थान नव्हते. गेल्या काही वर्षांत मात्र मुंबई-पुण्याच्या काही लग्नांतून नेमके हेच रंग पुढे येऊ लागले आहेत. झगमगत्या झुंबरांऐवजी मेणबत्त्यांचा मंद उजेड, झेंडूच्या माळांऐवजी वाळवलेली फुले आणि तुरेदार गवत, मंगल कार्यालयाऐवजी जुना दगडी वाडा किंवा धुक्यातला डोंगरमाथा आणि सावल्या राखून काढलेली छायाचित्रे, असे या लग्नांचे स्वरूप असते. लग्नाची व्यवस्था पाहणारे व्यावसायिक या शैलीला 'मूडी' म्हणतात. 'आमचे लग्न चारचौघांसारखे नाही' असे सांगू पाहणाऱ्या जोडप्यांची तिला पसंती आहे.

याकडे श्रीमंतांची आणखी एक हौस म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु ही शैली निवडणाऱ्यांत केवळ हौशी नसतात. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय विवाह करणारे, देवाधर्माचे विधी न मानणारे, दुसऱ्यांदा लग्न करणारे आणि कायद्याने ज्यांच्या विवाहाला अद्याप मान्यता दिलेली नाही असे समलिंगी जोडीदारही त्यांत असतात. एका अर्थाने 'अपारंपरिक' हा शब्द आज दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जात आहे. एक अपारंपरिकता पैसे मोजून विकत घेता येते. दुसरीसाठी विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात नोटीस लावून तीस दिवस थांबावे लागते. या दोहोंची गल्लत झाली, तर सजावट मनासारखी होते. विवाहाची कायदेशीर बाजू मात्र कच्ची राहण्याचा धोका असतो.

पांढऱ्याविरुद्ध काळा

गडद रंगांच्या लग्नाची लाट आली ती पाश्चात्त्य देशांतून. तेथे या बंडाला पार्श्वभूमी आहे ती पांढऱ्या पोशाखाची. ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरिया यांनी १८४० मध्ये आपल्या विवाहात पांढरा पोशाख घातला आणि पुढे तोच वधूचा पोशाख होऊन बसला. त्याआधी तेथील सामान्य घरांतील वधू आपल्याकडचा त्यातल्या त्यात चांगला रंगीत पोशाख वापरत असत; तो गडद असला तरी कोणाला वावगे वाटत नसे. म्हणजे ज्याला तेथे 'परंपरा' म्हणतात ती दोनशे वर्षांचीही नाही. अभिनेत्री सारा जेसिका पार्कर यांनी १९९७ मध्ये आपल्या लग्नात काळा पोशाख घातला, तेव्हा त्याची चर्चा झाली. न्यूयॉर्कच्या वेशभूषाकार व्हेरा वँग यांनी २०११ मध्ये वधूंसाठी काळ्या पोशाखांचा संग्रहच सादर केला, तेव्हा हे बंड बाजारपेठेत दाखल झाले.

भारतातील क्रम थोडा निराळा आहे. येथे लग्नात मोडायचा होता तो लाल रंगाचा संकेत. अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांच्या डिसेंबर २०१७ मधील इटलीतील विवाहानंतर फिकट गुलाबी रंगाची लाट आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये फरहान अख्तर आणि शिबानी दांडेकर यांनी खंडाळ्यात लग्न केले. त्यात ना सप्तपदी होती, ना निकाह. दोघांनी एकमेकांना स्वतःची वचने दिली. जून २०२४ मध्ये सोनाक्षी सिन्हा आणि झहीर इक्बाल यांनी विशेष विवाह कायद्याखाली मुंबईत घरीच विवाह केला आणि वधूने आईची जुनी साडी नेसली. यातला प्रत्येक विवाह छायाचित्रांमुळे गाजला. परंतु शेवटच्या विवाहात साडीपेक्षा महत्त्वाचा होता तो कायदा. दोघांपैकी कोणालाही धर्म न बदलता तो विवाह करता आला.

अशुभ काळा, शुभ काळा

मराठी घरात काळा रंग अशुभ मानला जातो, हे अर्धेच खरे आहे. मंगळसूत्राचे मणी काळे असतात. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला तिला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घालतात आणि ते कौतुकाचे मानले जाते. म्हणजे सौभाग्याशी काळ्याचे वैर नाही. वैर आहे ते मांडवातल्या काळ्याशी. त्यामुळे एखाद्या वधूने लग्नात चंद्रकळा नेसायचे ठरवले, तर ती परदेशी अनुकरण करते असे म्हणता येणार नाही. घरातलीच एक गोष्ट ती संक्रांतीतून उचलून लग्नात आणते, इतकेच.

मुहूर्ताचेही तसेच आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात लग्ने टाळण्याची रूढी आहे आणि तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो. हंगामात कार्यालय, आचारी, छायाचित्रकार या सर्वांसाठी एकच झुंबड उडते. मुहूर्त न मानणाऱ्या जोडप्याला पावसाळ्यातल्या सह्याद्रीचे ढग आणि धुके तर मिळतेच. शिवाय हवी ती तारीख मिळते आणि दरात घासाघीस करण्याची मुभाही राहते. रूढी मोडल्याचा हा सरळ व्यवहारी लाभ आहे. मात्र घाटरस्ते, दरडी आणि वृद्ध पाहुण्यांची ने-आण यांचा विचार छायाचित्राच्या मोहात मागे पडता कामा नये.

दीडशे वर्षांचा वारसा

अपारंपरिक लग्न ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, हुंडा नाही, मोठा खर्च नाही. वधूवरांनी एकमेकांना समजेल अशा भाषेत वचने द्यायची आणि त्यात वधूने स्त्रीच्या हक्कांचे आश्वासन मागायचे, अशी ही पद्धत होती. १८८७ मध्ये समाजाचे स्वतंत्र मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तक निघाले. पुरोहिताला वगळून लग्न लावता येते की नाही, हा वाद त्या काळी न्यायालयापर्यंत गेला. आज 'स्वतः लिहिलेली वचने' ही पाश्चात्त्य कल्पना म्हणून सांगितली जाते. तिचे मराठी रूप दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात उभे राहिले होते.

रंगाच्या बाबतीतही असेच मोठे उदाहरण महाराष्ट्रात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर बौद्ध विवाहांत वधूवरांचा पोशाख पांढरा झाला. ज्या समाजरचनेत पांढरे लुगडे विधवेचे मानले जाई, तेथे वधूने पांढरी साडी नेसणे हा केवळ आवडीचा प्रश्न नव्हता. जुना संकेत नाकारून नवा स्वीकारल्याचे ते जाहीर चिन्ह होते. पोशाख ही वरवरची गोष्ट असते, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

दरम्यान, विधींच्या आतूनही बदल घडत राहिला. पुण्यात १९७० च्या दशकात स्त्रियांना पौरोहित्याचे शिक्षण देण्यास सुरुवात झाली. ज्ञान प्रबोधिनीने विधींचा अर्थ मराठीत समजावून सांगत लग्न लावण्याची पद्धत रुजवली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 'जोडीदाराची विवेकी निवड' या उपक्रमातून लग्नापूर्वीच्या प्रश्नांकडे तरुणांचे लक्ष वेधले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अभिनेत्री दिया मिर्झा यांचे लग्न स्त्री पुरोहितांनी लावले आणि त्यात कन्यादान नव्हते, तेव्हा देशभर चर्चा झाली. पुण्यातील अनेक कुटुंबांना त्यातली पहिली गोष्ट तरी नवी नव्हती.

कायदा काय म्हणतो?

आता प्रश्न असा, की विधी सोडून आपल्या पद्धतीने केलेले लग्न कायद्याने लग्न ठरते का? येथेच अनेक जोडप्यांचा, आणि त्यांची व्यवस्था पाहणाऱ्यांचाही, गोंधळ होतो.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी होणे आवश्यक आहे. त्यात सप्तपदी असेल, तर सातव्या पावलानंतर विवाह पूर्ण होतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले, की आवश्यक विधी झालेच नसतील, तर केवळ नोंदणीच्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह वैध होत नाही. लग्न म्हणजे नाचगाणी आणि खाणेपिणे यांचा सोहळा नव्हे, असेही न्यायालयाने सुनावले. त्या प्रकरणातील जोडप्याने प्रमाणपत्र घेतले होते, विधी मात्र केले नव्हते. न्यायालयाने तो विवाह झालाच नसल्याचे जाहीर केले. डोंगरमाथ्यावर वचने दिली, अंगठ्या घातल्या आणि नंतर हिंदू विवाह म्हणून नोंदणी करून टाकली, असा मार्ग धरणाऱ्यांसाठी हा निकाल महत्त्वाचा आहे. वारसा, पोटगी, विमा, रुग्णालयातील संमती असे प्रश्न उद्भवतात, तेव्हा लग्नाचा अल्बम उपयोगी पडत नाही.

तमिळनाडूने या अडचणीवर १९६७ मध्येच तोडगा काढला. अण्णादुराई यांच्या सरकारने कलम '७ अ' घालून पुरोहिताविना, केवळ हार किंवा अंगठी घालून अथवा ताळी बांधून होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली. सत्यशोधक विवाहाची जन्मभूमी असलेल्या महाराष्ट्राने हिंदू विवाह कायद्यात अशी दुरुस्ती केली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अशा स्थितीत विधी न मानणाऱ्यांसाठी, तसेच भिन्नधर्मीय जोडप्यांसाठी निर्धोक मार्ग उरतो तो विशेष विवाह कायदा, १९५४ चा. या कायद्याचे कलम १२ वाचले, तर अनेकांना आश्चर्य वाटेल. दोघांना हव्या त्या पद्धतीने विवाह करता येतो, असे त्यात म्हटले आहे. अट एवढीच, की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे शब्द उच्चारले पाहिजेत. जादा शुल्क भरल्यास अधिकारी कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावरील ठिकाणीही येऊ शकतात. काळी साडी, मेणबत्त्या, स्वतःची वचने यांपैकी कशालाही कायद्याची हरकत नाही. लग्नाच्या रूपाविषयी एवढा उदार कायदा सत्तर वर्षांपूर्वी संसदेने केला, ही त्याची जमेची बाजू होय.

दारावरचा पहारा

परंतु या उदार घराच्या दारावर पहारा आहे. दोघांपैकी एकाने किमान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेले असावे लागते. मग नोटीस द्यायची. ती कार्यालयात ठळक जागी लावली जाते आणि तीस दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. ही हरकत वय, आधीचा हयात जोडीदार, मानसिक क्षमता किंवा निषिद्ध नाते अशा मोजक्या कारणांपुरतीच घेता येते. जात किंवा धर्म वेगळा असणे, आईवडिलांची संमती नसणे ही कारणे होऊ शकत नाहीत. तरीही नोटिशीमुळे बातमी फुटते आणि घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यासाठी तेवढे पुरेसे असते. खोडसाळ हरकत घेणाऱ्याला कायद्यात दंड आहे. तो जास्तीत जास्त एक हजार रुपये.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर सोडावे, असा निकाल दिला. मात्र कायद्यातील तरतूद कायम आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'शक्तिवाहिनी' प्रकरणात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे उभारण्याचे आदेश राज्यांना दिले होते. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समन्वय समिती नेमली, तेव्हा तिचा हेतू मदतीचा असल्याचे सांगण्यात आले. टीकाकारांना त्यात पाळतीचा वास आला. ज्यांचे लग्न खऱ्या अर्थाने अपारंपरिक आहे, त्यांच्यासाठी प्रश्न साडीच्या रंगाचा नसून आपले नाव कोणाच्या हाती जाणार याचा आहे.

समलिंगी जोडप्यांची स्थिती याहून बिकट आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांचे नाते गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि विषय संसदेवर सोपवला. त्यांच्या लग्नाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. अशा जोडप्याने मित्रमंडळींसमोर दिलेली वचने, निवडलेले कपडे आणि काढलेली छायाचित्रे एवढाच त्यांच्या लग्नाचा पुरावा असतो. त्यांच्या समारंभाला 'नुसती फॅशन' म्हणणे म्हणून अन्यायाचे ठरेल.

निवड कशाची?

लग्नाच्या बाजाराने बंडाचीही किंमत ठरवली आहे, यात शंका नाही. साधेपणाचे, उदासपणाचे आणि एकांताचेही आता 'पॅकेज' मिळते. पन्नास पाहुण्यांचे गडद रंगांचे लग्न पाचशे पानांच्या पंगतीपेक्षा महाग पडू शकते. त्यातही मुलीकडच्यांनीच खर्च करायचा, मानपान आणि आहेर तसेच चालू ठेवायचे आणि वर रंग तेवढा बदलायचा, असे झाले तर जुनेच लग्न नव्या कपड्यांत लागले, एवढाच त्याचा अर्थ होईल. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ पासून आहे. शालू काळा असला म्हणून तो शिथिल होत नाही.

म्हणून लग्नाची तयारी करणाऱ्या जोडप्याने सजावटीच्या यादीआधी काही प्रश्नांची उत्तरे एकमेकांना द्यावीत. लग्न कोणत्या कायद्याखाली होणार? विधी करायचे नसतील, तर विशेष विवाह कायद्याची नोटीस समारंभाच्या किती दिवस आधी द्यायची? ती दिल्यानंतर तीन महिन्यांच्या आत विवाह व्हावा लागतो, हे तारखेच्या हिशेबात धरले आहे का? खर्च कोण करणार? कन्यादान, पाठवणी, नाव बदलणे यांपैकी काय ठेवायचे आणि काय सोडायचे? ही उत्तरे पक्की असतील, तर मांडव काळा असो की पिवळा, ते लग्न त्या दोघांचे असेल. आणि अशा जोडप्यांसाठी शासनाला खरोखर काही करायचे असेल, तर सुरुवात कार्यालयाच्या भिंतीवरच्या त्या नोटिशीपासून करता येईल.