गळाचा नाद: तीन आक्षेप आणि उत्तर

गळ टाकून बसणाऱ्यावर तीन आरोप ठरलेले असतात: तो रिकामटेकडा आहे, त्याला जुगारासारखे व्यसन जडले आहे आणि तो निर्दय आहे.

पहिला आरोप लांबून पाहणाऱ्यांचा. कोकणातल्या खाडीवर गरी, म्हणजे गळ, टाकणाऱ्याला तिथी पाठ असावी लागते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे मंद भरती; भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते. पाण्याला ओढ किती, गढूळपणा किती, तांबोशी मासा कोणत्या खडकाआड दबा धरून असेल, हा सारा हिशेब त्या स्वस्थ बसण्यात चालू असतो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण लिहिले. माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, दोरी, गळ यांची माहिती त्याला नोंदवावीशी वाटली, कारण ही विद्या आहे.

दुसरा आरोप अर्धा खरा. बक्षीस अनियमितपणे मिळत राहिले की ती कृती सहजी सुटत नाही, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांनी दाखवले. मासा कधी लागेल हे ठाऊक नसते, म्हणून हात पुन्हा गरीकडे जातो. पण मटका वीस वर्षे खेळला तरी पुढचा आकडा तितकाच अंधारात राहतो. वीस वर्षे गरी टाकणाऱ्याचे अंदाज मात्र सुधारतात. तरीही प्रत्येक पावसाळा खाडीचा तळ बदलतो, वाळूचे पट्टे सरकवतो आणि शिकणे पुन्हा सुरू होते. आयुष्यभराच्या नादाचे मूळ इथे आहे: ज्ञान वाढत जाते, पण पुरे कधीच होत नाही.

तिसरा आरोप जड आहे. गळाने माशाला इजा होते, हे नाकारू नये. पण जाळ्यातून आलेला मासा चवीने खाणाऱ्याने गरीवाल्याला दयेचा धडा देऊ नये. ट्रॉलरच्या जाळ्यात पिल्लांसकट सगळे ओढले जाते; गरीवाला बहुधा एकेक मासा पाहून घेतो आणि लहान असेल तर सोडू शकतो. सोडणे हे त्याचे कर्तव्यच आहे. पहिल्या पावसात चढणीला लागलेल्या, गाभोळीने भरलेल्या माशाला तर त्याने हातही लावू नये.

ही मर्यादा पाळणाऱ्याचा नाद निखळ आहे. घरातल्या मुलांना भरती-ओहोटी ओळखायला शिकवा आणि त्यांच्या हाती गरी द्या.