जनुकाची साक्ष अपुरी

घोडपदेवहून परळचे टाटा स्मारक रुग्णालय फार दूर नाही. रे रोडपलीकडील दारूखाना तर त्याहूनही जवळ. एके ठिकाणी कर्करोगावर उपचार होतात, दुसऱ्या ठिकाणी अनेक दशके जुनी जहाजे तोडली गेली. जुन्या जहाजांच्या इंजिनघरांतील नळ्यांवर उष्णता राखण्यासाठी ॲस्बेस्टॉस गुंडाळीत असत. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे आत गेले, तर वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, फुप्फुसाच्या आवरणाला मेसोथेलिओमा हा कर्करोग होऊ शकतो. तो दुर्मिळ आहे आणि उपचारांना क्वचितच दाद देतो.

अशा रोगांचे गूढ उकलण्यासाठी आज गाठीतील डीएनएचा क्रम वाचून तो त्याच रुग्णाच्या निरोगी पेशींशी ताडून पाहिला जातो. पेशींच्या बेबंद वाढीला लगाम घालणारी बीएपी-१, एनएफ-२ यांसारखी जनुके मेसोथेलिओमात वारंवार निकामी झालेली आढळतात. यातून खात्रीचे औषध अद्याप निघालेले नसले, तरी शोधाची दिशा मिळाली आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या आपल्या संस्थांनाही हे काम जमते. टाटा स्मारक केंद्र व कल्याणीची राष्ट्रीय संस्था यांच्या संशोधकांनी २०१३ साली गालफडाच्या कर्करोगातील जनुकीय बदल प्रसिद्ध केले, हा त्याचा पुरावा होय. या विज्ञानाचे श्रमजीवी वर्गाने स्वागतच केले पाहिजे.

परंतु लगाम कोणता तुटला एवढेच जनुक सांगते. तो कोणाच्या कामावर तुटला, हे सांगत नाही. काही थोड्या कुटुंबांत बीएपी-१ मधील दोष वंशपरंपरेने येतो, हे खरे. पण कामाचा इतिहास न विचारता केवळ जनुके वाचली, तर उद्या प्रत्येक कामगाराला ‘दोष तुझ्या रक्ताचा’ असे ऐकविणे मालकवर्गाला सोपे जाईल. तंतू मात्र नामानिराळे राहतील.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. मुकादमाच्या हाताखाली रोजंदारीवर जहाज तोडणाऱ्याचे नाव ज्या हजेरीपटावरच नसते, तेथे आरोग्याची नोंद कोण ठेवणार?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. जनुकीय तपासणी सार्वजनिक रुग्णालयांत विनामूल्य व्हावी. प्रत्येक नमुन्याबरोबर रुग्णाच्या आयुष्यभराच्या कामाची नोंद सक्तीची असावी. ॲस्बेस्टॉसच्या आयातीवर संपूर्ण बंदी घालावी. आणि सरकारची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी घोडपदेवच्या चाळींतील वृद्ध कामगारांकडून कोणी कोठे, किती वर्षे, कोणत्या धुळीत काम केले, हे आजच लिहून घ्यावे. गाठीचा नमुना प्रयोगशाळेत टिकेल. हे साक्षीदार फार काळ टिकणार नाहीत.