पुरुषत्वाच्या नावाने मूलपेशींचा बाजार नको

दहिवलीहून उल्हास नदीवरचा पूल ओलांडून कर्जत स्टेशनात यावे आणि लोकल पकडावी, तर डब्याच्या दाराशी ‘मर्दानी कमजोरी’वर हमखास इलाजाचे स्टिकर चिकटवलेले असतात. तोच धंदा आता प्रयोगशाळेची भाषा बोलू लागला आहे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी आहे? मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल टोचून घ्या, टेस्टोस्टेरॉनची कायमची इंजेक्शने सुटतील!

या दाव्यामागे तीन मुद्दे असतात. पहिला : रक्ताच्या कर्करोगात मूलपेशींचे रोपण चालते, मग इथे का नाही? तिथे ते चालते, हे निर्विवाद. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली अस्थिमज्जारोपणाचा पाया घातला. आज आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या टाटा केंद्रात, अशी रोपणे होतात. पण त्या पेशी रक्त घडवतात. टेस्टोस्टेरॉन घडवतात वृषणातल्या लायडिग पेशी. उलट, रोपणाआधीची तीव्र केमोथेरपी आणि किरणोपचार या लायडिग पेशींनाच इजा करू शकतात.

दुसरा : उंदरांवर प्रयोग यशस्वी झाले. झाले, पण त्यांत बहुधा लायडिग पेशी आधी औषधाने मुद्दाम मारलेल्या असतात. माणसात मूळ दुखणे अनेकदा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत, लठ्ठपणात किंवा मधुमेहात असते. लाइनच नसेल तर नवा पंप बसवून पाणी चढत नाही.

तिसरा : पेशी स्वतःच्याच, मग धोका कसला? फ्लोरिडात स्वतःच्याच चरबीतून काढलेल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन महिलांची दृष्टी गेली. ही हकीकत २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

म्हणून संशोधन थांबवावे काय? मुळीच नाही. ते जरूर व्हावे, पण नियमाने. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांवरच्या रोपणासारखे मान्यताप्राप्त उपचार वगळता मूलपेशींचा वापर नोंदणीकृत चाचणीतच करता येतो आणि त्यात रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा कोणी लाखाचे पॅकेज सांगितले, की तिथूनच माघारी फिरावे. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात तर १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे.

मग करावे काय? सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी टेस्टोस्टेरॉन तपासावे. जोडीला एलएच हे पिट्युटरीचे संप्रेरक तपासले, तर दोष वृषणात की पिट्युटरीत ते उमगते. वजन आणि साखर आटोक्यात आणली, झोप सुधारली, तर पुष्कळांची पातळी वाढते. तरीही कमतरता राहिली, तर टेस्टोस्टेरॉनचे जेल आणि इंजेक्शने आहेतच. मात्र मूल हवे असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्राणूंची निर्मिती घटते.

हा बाजार पुरुषांच्या संकोचावर पोसला जातो. मधुमेहासाठी येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला कर्जत-खालापूरच्या डॉक्टरांनी लैंगिक तक्रारींबद्दल आपणहून विचारावे, आणि रुग्णानेही त्या बिनदिक्कत सांगाव्यात. यात लाजण्यासारखे काहीच नाही. लाज वाटायला हवी ती खोटी आशा विकणाऱ्यांना.