बोनाफाईड

जून उजाडला की उमरीतल्या शाळांच्या खिडक्यांशी एकच मागणी ऐकू येते.

"सर, बोनाफाईड पायजे होतं."

"कायला?"

"एसटीच्या पासला."

वसतिगृहाला, शिष्यवृत्तीला, जातीच्या दाखल्याला, सगळ्यालाच ते लागतं. शाळेची पायरी न चढलेल्या आयांनाही हा शब्द तोंडपाठ आहे. आपल्याकडे बोनाफाईड म्हणजे शिक्क्याचा कागद.

शब्द मुळात लॅटिन. बोना म्हणजे चांगला, फिडेस म्हणजे विश्वास. आणि आपण 'विश्वासाने' म्हणताना जो 'ने' लावतो, तो या शब्दाच्या रूपातच आहे. म्हणून अर्थ होतो 'सद्भावाने'. इंग्रजीत तो बहुतेकदा विशेषण म्हणून येतो, पण कायद्याच्या भाषेत अजून क्रियाविशेषणही आहे: अमुक माणूस बोनाफाईड वागला. काय केलं ते क्रियापद सांगतं, कोणत्या मनाने केलं ते हा शब्द सांगतो.

एवढ्याशा शब्दाने केवढा फरक पडतो, हे उमरीकरांना वेगळं सांगायला नको. 30 जानेवारी 1948 रोजी निजामाविरुद्ध लढणाऱ्यांनी इथली बँक लुटली. क्रियापद 'लुटणे'च. पण पैसा कुणाच्या घरी गेला नाही, मुक्तिलढ्याला गेला. म्हणून आमची म्हातारी माणसं 'लूट' हा शब्द ताठ मानेने उच्चारतात. त्या क्रियापदाशेजारी 'सद्भावाने' त्यांनी मनातच लिहून ठेवलंय.

मात्र नुसतं मन चांगलं असून भागतं का? आपल्याच कायद्यांनी याची दोन उत्तरं दिली आहेत. 1897 च्या सामान्य वाक्यखंड अधिनियमानुसार, प्रामाणिकपणे केलेलं काम सद्भावाचंच, मग त्यात हयगय झालेली असो वा नसो. 1860 ची दंडसंहिता अधिक कडक होती: योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेलं काम सद्भावाने केलं असं म्हणताच येणार नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही हीच व्याख्या ठेवली. मला ही दुसरी व्याख्या पटते, अगदी मनापासून.

कारण गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या बोनाफाईडवर तिचं आडनावच चुकलं. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, घाई होती. पास अडला. पोरगी दहा-बारा दिवस तिकीट काढून कॉलेजला गेली, आणि तिच्या आईने ते पैसे कापूस वेचणीच्या मजुरीतून साठवलेल्यातले काढून दिले.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा खिडकीत एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी दाखलखारीज रजिस्टर काढलं, ओळीवर पट्टी ठेवली आणि पुतणीला म्हणाले, "बाई, तुझं नाव तूच वाच, मी लिहितो." तिने एकेक अक्षर सुटं करून वाचलं. शाई वाळेपर्यंत त्यांनी कागद हातातच धरून ठेवला.