व्यवहार पुरा व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये

जेथे देवघेव आहे तेथे हिशेब आहे, आणि जेथे हिशेब आहे तेथे तो चुकण्याची भीतीही आहे. आमच्या पणज्यांच्या काळी ही भीती वाण्याच्या वहीपुरती होती. आज ती बँकेत, रेल्वेत, वीजबिलात, परीक्षेच्या गुणांत आणि एक-चौदाच्या उताऱ्यात येऊन बसली आहे. कारण या सर्वांच्या वह्या आता संगणकाच्या स्वाधीन झाल्या आहेत. म्हापशाच्या बाजारात मासळी विकणारी बाईदेखील गिऱ्हाइकाकडून पैसे मोबाईलवर घेते. परंतु या न दिसणाऱ्या वहीत नोंद कशी होते, आणि ती खरी राहावी म्हणून कोणते नियम पाळावे लागतात, याचा विचार सुशिक्षित म्हणविणारेही क्वचितच करतात. तो विचार करणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे असे आमचे मत आहे, आणि त्याचेच थोडे विवेचन येथे करण्याचे योजिले आहे.

संगणकशास्त्रात 'व्यवहार' हा शब्द फार काटेकोर अर्थाने वापरतात. आईच्या खात्यातून पाचशे रुपये वजा होणे आणि दुकानदाराच्या खात्यात पाचशे रुपये जमा होणे या दोन नोंदी आहेत, पण व्यवहार एकच आहे. पहिली नोंद झाली आणि दुसरी राहिली, तर ते अर्धे काम नव्हे, तो अन्याय होय. म्हणून शास्त्राचा पहिला नियम असा की, व्यवहार पुरा व्हावा, नाहीतर मुळीच झाला नाही अशी स्थिती राहावी. थेओ हार्डर आणि आंद्रेआस रॉयटर या दोन जर्मन पंडितांनी १९८३ साली व्यवहाराचे चार गुण एकत्र सांगितले. त्यांना आपल्या भाषेत अखंडता, सुसंगती, अलिप्तता आणि टिकाऊपणा असे म्हणता येईल. काम पूर्ण व्हावे किंवा मागे फिरावे, हिशेबाचे नियम मोडू नयेत, एकाचे अर्धवट काम दुसऱ्याच्या दृष्टीस पडू नये, आणि एकदा 'झाले' असा शब्द दिला की वीज गेली तरी तो शब्द खाली पडू नये, असा त्यांचा अर्थ.

यांतील शेवटचा गुण कसा साधतात हे पाहिले म्हणजे आमच्या जुन्या कारकुनांविषयीचा आदर वाढतो. जुन्या पेढीवर दिवसाचा प्रत्येक व्यवहार प्रथम कीर्दीत तारीखवार लिहीत, आणि मग कीर्दीवरून खतावणीत ज्याच्या त्याच्या नावे चढवीत. खतावणी पावसाने भिजली तरी कीर्द शाबूत असली म्हणजे ती पुन्हा मांडता येई. संगणकही हेच करतो. काय करावयाचे आहे ते तो आधी न पुसल्या जाणाऱ्या रोजनिशीत लिहून ठेवतो, आणि ती नोंद पक्की झाल्यावरच ग्राहकास 'व्यवहार पूर्ण' असे सांगतो. मृगाच्या पहिल्या पावसात वीज गेली आणि यंत्र मध्येच बंद पडले, तर पुन्हा सुरू होताच ते ही रोजनिशी वाचते. पुरे झालेले व्यवहार पुन्हा मांडते आणि अर्धवट राहिलेले मागे फिरवते.

खरी अडचण मात्र गर्दीची आहे. वाण्याची वही एक, लेखणी एक आणि लिहिणाराही एकच. त्यामुळे तेथे दोन नोंदींची टक्कर होत नसे. बँकेच्या वहीत एकाच क्षणी हजारो हात लिहीत असतात. समजा, एका कुटुंबाच्या खात्यात ५,००० रुपये आहेत. बोटीवर नोकरीस असलेला मुलगा २०,००० रुपये पाठवितो, आणि त्याच क्षणी घरी आई १,५०० रुपयांचे वीजबिल भरते. दोन्ही व्यवहार खाते उघडून शिल्लक वाचतात, आणि दोघांनाही ५,००० दिसतात. पहिला बेरीज करून २५,००० लिहितो. दुसरा आपल्या वाचलेल्या आकड्यातून वजाबाकी करून त्यावर ३,५०० लिहितो. कोणी चोरी केली नाही, गणितही कोणाचे चुकले नाही. तरी मुलाचे २०,००० रुपये वहीतून नाहीसे झाले! खरी शिल्लक २३,५०० असावयास हवी होती.

यावरचा सर्वांत जुना उपाय कुलुपाचा. जो व्यवहार खाते हाती घेईल त्याने त्यास कुलूप लावावे, आणि काम संपेपर्यंत इतरांनी बाहेर थांबावे. पण नुसते कुलूप पुरत नाही. ते केव्हा लावावे आणि केव्हा काढावे यासही शिस्त लागते. ईश्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रेगर या आय.बी.एम. कंपनीतील चौघा संशोधकांनी १९७६ साली एक सोपा नियम मांडला. व्यवहाराने एकदा कोणतेही कुलूप सोडले की त्यापुढे नवे कुलूप लावू नये. सर्वांनी एवढे पाळले, तर कितीही व्यवहार एकमेकांत मिसळून चालोत, ते एकामागून एक रांगेने झाले असते तर जो हिशेब निघाला असता, तसाच हिशेब निघतो. गर्दी असूनही रांगेचा न्याय मिळावा, हेच या साऱ्या शास्त्राचे ध्येय आहे.

कुलुपांमुळे दुसरा एक पेच उद्भवतो. अरुंद साकवावर दोन बाजूंनी दोन गाड्या शिराव्या, आणि दोघांनीही समोरच्याने मागे जावे म्हणून वाट पाहावी, तसे दोन व्यवहार एकमेकांच्या कुलुपासाठी अडून राहतात. ही कोंडी संगणक स्वतः ओळखतो आणि दोघांपैकी एकास मागे फिरवून पुन्हा सुरुवात करावयास लावतो. मागे फिरलेल्याचे यात नुकसान होत नाही, कारण त्याचे अर्धे काम वहीत उरतच नाही. दुसरी एक पद्धत कुंग आणि रॉबिन्सन यांनी १९८१ मध्ये सुचविली. तीत कुलूप न लावता काम करावे, आणि शेवटी नोंद पक्की करताना मध्ये कोणी हात घातला नव्हता ना, हे तपासावे. जेथे टक्कर विरळा होते तेथे ही पद्धत उत्तम. पण चवथीच्या दिवसांसाठी कोकण रेल्वेचे आरक्षण ज्या सकाळी उघडते, त्या सकाळी शेकडो लोक त्याच बाकासाठी धडपडत असतात. तेथे बहुतेकांचे काम शेवटच्या पायरीवर फुकट जाईल. भारतीय रेल्वेने संगणकावरील आरक्षणास १९८५ साली दिल्लीत आरंभ केला. एक बाक दोघांना न देणे ही गोष्ट आज आम्हांस साधी वाटते, त्यामागे एवढा विचार आहे.

व्यवहार दोन निरनिराळ्या वह्यांत करावयाचा असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. तेथे एकाने 'तयार आहात ना?' असे सर्वांस विचारावे, सर्वांचा होकार आल्यावरच 'पक्के करा' असे सांगावे, अशी दोन टप्प्यांची रीत आहे. या विषयाचे आद्य आचार्य जिम ग्रे यांनी १९८१ च्या आपल्या निबंधात ख्रिस्ती विवाहविधीचा दाखला दिला आहे. वधू आणि वर दोघांनीही होकार दिल्यावाचून पाद्री विवाह जाहीर करीत नाही. आम्हां गोव्याच्या लोकांस याहून जवळचा दाखला देता येईल. येथे नागरी विवाहाची नोंद दोन सह्यांनी होते. पहिली सही इराद्याची. मग हरकतींसाठी मुदत. आणि दुसरी सही झाल्यावरच नोंद पुरी. पहिली सही केली म्हणजे झाले, असे समजणाऱ्याची पुढे कशी फजिती होते, हे आमच्या घराघरांत ठाऊक आहे.

मोबाईलवरून पैसे पाठविण्याची यू.पी.आय. ही पद्धत २०१६ साली सुरू झाली. तिच्यात देणाऱ्याच्या बँकेत रक्कम आधी वजा होते, मग घेणाऱ्याच्या बँकेत जमा होते. दुसरी पायरी फसली तर पहिलीची उलट नोंद करून पैसे परत येतात. या मधल्या अवस्थेत माणसाचा जीव टांगणीस लागतो. म्हणून रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये केलेला नियम प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. एका व्यक्तीने दुसरीस पाठविलेली रक्कम वजा झाली पण पोहोचली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे. पैसे काढण्याच्या यंत्रातून नोटा न येता रक्कम वजा झाली, तर ती पाच दिवसांत परत आली पाहिजे. त्यापुढे दर दिवसास १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. या नियमात आम्हांस एक मोठे तत्त्व दिसते. अर्धवट व्यवहार निस्तरण्याचा भार वही सांभाळणाऱ्यावर आहे, गरिबावर नाही.

यावर कोणी म्हणेल, 'एवढी शिस्त पाळली तर काम मंदावेल; लोकांना वेग हवा आहे.' या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. प्रत्येक कुलूप म्हणजे कोणाची तरी वाट पाहणे. म्हणूनच आज प्रचारात असलेल्या पुष्कळ माहितीकोशांत अलिप्ततेची सर्वांत कडक पायरी आपोआप लागू नसते. ती मागून घ्यावी लागते. एखादे छायाचित्र किती जणांनी पाहिले, हा आकडा दोनचारांनी चुकला तरी कोणाच्या चुलीवरचे भांडे उतरत नाही. तेथे वेग खुशाल घ्यावा. पैसा, जमीन, गुण, औषध आणि न्याय यांच्या वहीत मात्र ही सवलत नको. कॅनडातील फ्लेक्सकॉइन ही संस्था आभासी नाणी सांभाळीत असे. मार्च २०१४ मध्ये कोणी तरी तिच्याकडे एकाच वेळी हजारो मागण्या पाठविल्या. शिल्लक कमी झाल्याची नोंद होण्याआधीच तीच नाणी पुनःपुन्हा हलविली गेली, ८९६ बिटकॉइन लंपास झाले, आणि संस्थेस टाळे लागले. पुढे २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दुकानदारीच्या १२ प्रचलित प्रणाली तपासल्या, तेव्हा त्यांत याच जातीचे २२ गंभीर दोष सापडले. हे सर्व दोष वेळेच्या सांध्यातले होते. एकेकटा ग्राहक येत असता ते कधीच दिसले नसते.

वहीच्या चुकीने पैसा जातो, तशी अब्रूही जाते. ब्रिटनच्या टपालसंस्थेने १९९९ पासून आपल्या शाखांत 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली बसविली. गावोगावची लहान पोस्टे चालविणाऱ्यांच्या हिशेबात तुटी दिसू लागल्या. 'आम्ही पैसे घेतले नाहीत,' असे ते सांगत राहिले. पण यंत्राचे म्हणणे खरे आणि माणसाचे खोटे, असे धरून चालण्यात आले. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले, कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांची घरेदारे विकली गेली. प्रणालीत दोष होते असा निर्णय उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला, आणि २०२४ साली संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. स्कॉटलंडमधील फॉलकर्क येथे उघडकीस आलेला एक दोष तर आमच्या विषयातलाच होता. एका खिडकीवर केलेली नोंद दुसऱ्या खिडकीवर दिसत नसे, त्यामुळे एकच रक्कम दोनदा घेतल्याची नोंद होऊ शके. वर सांगितलेल्या मायलेकांच्या खात्याचीच ही गोष्ट. फरक इतकाच की येथे त्या चुकीचा दंड एका निरपराध माणसास भरावा लागणार होता.

यावरून आमचे मत असे बनले आहे की, लोकांची वही सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपली कीर्द लोकांस दाखविता येईल अशी ठेवावी, आणि तक्रार आली असता 'संगणक चुकत नाही' हे उत्तर देण्याची मुभा तिला नसावी. तसेच, शाळांतून संगणक शिकविताना चित्रे हलविण्याआधी कीर्द आणि खतावणी यांचा एक धडा अवश्य शिकवावा. जमाखर्चाची शिस्त ज्याच्या अंगी नाही त्याच्या हाती वेगवान यंत्र देणे, हे ज्यास लगाम माहीत नाही त्यास घोडा देण्यासारखे आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या बंगळुरात वा परदेशी जाऊन अशा वह्यांची रचना करतील. वरिष्ठ म्हणतील, 'हे कुलूप काढून टाका, काम लवकर होईल.' तेव्हा त्या खात्यापलीकडे कोण आहे, हे आधी विचारा. आणि जे येथेच राहतील त्यांनी आजीच्या पासबुकातील न कळलेली ओळ तिला वाचून दाखवावी, पैसे वजा झाले तो दिवस आणि वेळ कागदावर टिपून ठेवावी, आणि बँकेच्या खिडकीवर नियम सांगून आपले मागावे. हिशेब मागणे हा उद्धटपणा नव्हे. ज्याची नोंद त्याचा हक्क, हे आमच्या जुन्या कारकुनांनाही मान्य होते.